हक्कसोड

२ सप्टेंबर २०२५ला मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रं देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि सेनगावात घरोघरी जुने कागद बाहेर निघाले. आमच्याही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी कुठे उर्दूत, कुठे मोडीत. त्यात पूर्वजांचं नाव शोधायचं तर आधी वंशावळ मांडावी लागते. मी वहीच्या पानावर सगळ्यांत वर पणजोबांचं नाव लिहिलं, खाली आजोबा, मग आबा आणि चुलते. रेघा ओढत आमच्या पिढीवर आलो, माझं आणि धाकट्या भावाचं नाव लिहिलं आणि पेनला टोपण लावलं.

मुलगा शेजारी बसला होता. म्हणाला, "आणि आत्या?"

मी बाईचं, माझ्या बहिणीचं, नाव लिहिलं. मग वरच्या ओळींकडे पाहिलं. आबांना दोन बहिणी होत्या. धाकटीचं नाव आठवलं. थोरलीला आम्ही सगळे 'थोरली आत्या'च म्हणायचो. तिचं नाव मला आठवेना. चार पिढ्यांतल्या पुरुषांची नावं मला पाठ आहेत, आणि जिच्या मांडीवर मी वाढलो तिचं नाव मला येत नाही.

त्याच पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, २०१२चं हक्कसोडपत्र होतं.

आबा २०११ला गेले. जमीन बारा एकर, वडिलोपार्जित. वारस आम्ही तिघं: दोघं भाऊ आणि बाई. वारसाच्या फेरफाराला तिघांची नावं लागली. पुढच्या हंगामात पीककर्जासाठी सोसायटीत गेलो तर सातबारावरच्या सगळ्यांच्या सह्या मागितल्या. बाई गोरेगावला नांदते. दरवर्षी तिला सहीसाठी कुठं बोलवायचं, असं आम्ही घरात म्हणालो. हे कारण खोटं नव्हतं. पण कर्जाच्या सहीची अडचण संमतिपत्रानं सुटली असती, त्यासाठी तिचा हिस्सा सोडवून घ्यायची गरज नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. महाराष्ट्रानं १९९४ला आणि केंद्रानं २००५ला मुलीला मुलाच्या बरोबरीनं वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, हे मी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. पुढे ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क जन्मानंच मिळतो, असं सांगितलं. ती बातमी मी पूर्ण वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

कागदात मजकूर आहे, 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना'. आम्ही कुणी आवाज चढवला नव्हता. बाईनं एकच विचारलं, "कुठं सही करू, दादा?" मी बोट ठेवलं, तिनं सही केली. वाचून दाखवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पण हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर कसं तुटतं, हे आमच्या गावात प्रत्येक लेकीनं पाहिलेलं असतं. दिवाळीला बोलावणं येत नाही, लेकरांच्या लग्नात मामा मांडवात दिसत नाही. ही भीती तिच्या मनात होती आणि ती आम्हाला सोयीची होती. दडपण यापेक्षा वेगळं काय असतं?

दस्तावर तिचा फोटो आहे, टपाल तिकिटाएवढा. कॅमेऱ्यापुढे बसताना तिनं पदर नीट केला होता, ते मला आठवतं. फोटोत ती किंचित हसते आहे.

मी हिशेब केला. तिचे चार एकर, त्यातले दोन माझ्याकडे. एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरलं तर वर्षाला बारा. २०१२ ते २०२४ अशी तेरा पिकं, म्हणजे १५६ क्विंटल. भाऊबीजेला मी तिला साडी देत आलो. २०२४च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचा तिचा अर्ज मीच भरून दिला. दीड हजार खात्यावर आले तेव्हा तिनं फोन करून मला सांगितलं, तिचा आवाज आनंदाचा होता. त्या फोनच्या वेळी दोन एकर माझ्या डोक्यात आले होते. मी बोललो नाही.

आता दस्त लिहिणाऱ्याकडे चौकशी केली. हक्कसोड नोंदलेलं असल्यामुळे आता बहिणीला बक्षीसपत्र करून द्यावं लागेल. हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र लागला होता; बहिणीला जमीन बक्षीस द्यायची तर तो बाजारमूल्याच्या टक्क्यानं लागतो. दोन एकराचा तो खर्च मला झेपेल. घरात सांगितलं तर बायको म्हणाली, "पोरांना विचारलंत का?" प्रश्न रास्त आहे. २०१२ला बाईच्या पोरांना मात्र कुणीच विचारलं नव्हतं. धाकट्या भावाशी मी अजून बोललेलो नाही. त्याचं तो बघेल, असं म्हणून मी एक अवघड बोलणं टाळतो आहे, हे मला कळतं.

रविवारी वंशावळीचं पान घेऊन गोरेगावला गेलो. जमिनीचं बोललो. बाई काही न बोलता उठली आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ आली नाही. मग कप ठेवून तिनं ते पान ओढून घेतलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि वर सरकत आबांच्या ओळीवर थांबली.

"थोरल्या आत्याची जागा कोरी ठेवलीस?"

"नाव आठवेना."

"सगुणा," बाई म्हणाली. "दे, मी लिहिते."