सल्लागार आणि फलाशा

लहानसा धंदा मांडू पाहणारा गृहस्थ आपल्याकडे सर्वप्रथम ज्योतिषाकडे जातो आणि वकिलाकडे सर्वांत शेवटी, बहुधा नोटीस हाती पडल्यावर. हा क्रम केवळ हसून सोडून देण्यासारखा नाही; कारण मुहूर्त विचारणाऱ्याला ज्ञान हवे असतेच असे नाही, आपल्या निश्चयाचा काही भार दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर ठेवता यावा एवढेच त्याला हवे असते, आणि भार वाहण्याच्या कामी ग्रहांसारखे सोयीचे कोणी नाही. ग्रह उलट प्रश्न विचारीत नाहीत. परंतु दुसऱ्याच्या मसलतीने केलेले कर्म कोणाचे, आणि त्याच्या फळाशी मसलत देणाऱ्याचा संबंध किती असावा, हा प्रश्न मुहूर्ताने मिटत नाही. धंद्यासाठी कोणते सल्लागार जोडण्याजोगे, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही मला वाटते त्याच्याच पोटात आहे.

समजा, सांगलीचा एखादा तरुण मेहुण्याच्या भागीदारीत हळद आणि मसाले दळून विकण्याचा कारखाना काढू पाहतो आहे. वकील त्याला सांगेल की १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकेकटाही जबाबदार असतो, म्हणजे मेहुण्याने पेढीच्या नावावर उचललेल्या मालाचे पैसे प्रसंगी याच्या राहत्या घरातून वसूल होऊ शकतात. आणि पेढीची नोंदणी सक्तीची नसली तरी नोंदणी नसलेल्या पेढीला करारापोटीचे येणे वसूल करण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, म्हणून मुद्रांकावर लिहिलेले भागीदारीपत्र कपाटात जपून ठेवल्याने भागत नाही. सनदी लेखापाल सांगेल की घरखर्चाची रक्कम गल्ल्यातून परस्पर घेऊ नये, घेतलीच तर उचल म्हणून खात्यावर लिहावी. खरेदीच्या पावत्यांवाचून जीएसटीची वजावट मिळत नाही. आणि उधारीवर विकलेला माल नफ्यात दिसला तरी तिजोरीत दिसत नाही. पेठेत केस पिकलेला अडत्या सांगेल की नवी हळद बाजारात येते त्या चार महिन्यांत वर्षभराचा माल भरावा लागतो, तेव्हा बँकेकडून खेळते भांडवल मागताना बारा महिन्यांचा सरसकट हिशेब मांडू नये. अन्नपदार्थांचा परवाना, दुकानाची नोंद, विमा ही कामे कोणीही जाणता कारकून पार पाडील.

येथवर सल्ला म्हणजे माहिती, आणि माहितीच्या बाबतीत तत्त्वचिंतनाला फारसे काम नसते. ते लागते पुढे, मोबदल्याच्या प्रश्नापाशी. १९४९ च्या सनदी लेखापालांच्या कायद्याच्या परिशिष्टात एक कलम असे आहे की, काही ठरावीक अपवाद सोडता, नफ्याच्या टक्केवारीवर किंवा कामाच्या निष्पत्तीवर अवलंबून असलेले शुल्क ठरवणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय. आणि वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमांनीही खटल्याच्या निकालावर फी बेतण्यास व वसूल होणाऱ्या रकमेत वाटा मागण्यास मनाई केलेली आहे. कर्म करावे, त्याचा योग्य तो मोबदला घ्यावा, पण त्याच्या फळात मन गुंतवू नये, ही जी वृत्ती गीतेने साधकाला दीर्घ अभ्यासाने कमवायला सांगितली, ती कायद्याने पोटासाठी राबणाऱ्या मनुष्याला शिस्तभंगाच्या भयाने का होईना, पण लावून दिली आहे. ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध करणारे लोकमान्य टिळक कायद्याचे पदवीधर होते, पुण्यात कायद्याचा वर्ग चालवीत आणि लातूरच्या एका जिनिंगच्या कारखान्यातही भागीदार होते; संन्यासापेक्षा व्यवहारातच निष्काम कर्माचा अर्थ शोधणाऱ्या त्या भाष्यकाराला हे कलम अपरिचित वाटले नसते, असे मनात येते. अंतरंगातील वैराग्य कायद्याला निर्माण करता येत नाही, हे खरेच. परंतु हळद खपली काय आणि न खपली काय, ज्याची फी तेवढीच राहते, तोच मनुष्य समोरच्याला ‘हा धंदा करू नका’ असे निःसंकोचपणे सांगू शकतो, आणि हे एक वाक्य उच्चारण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे तोच माझ्या मते सल्लागार.

याच्या उलट, कर्ज मंजूर करवून देऊन त्यावर टक्केवारी घेणारा मध्यस्थ किंवा कंपनीकडून दलाली मिळणारा विमा प्रतिनिधी हे अप्रामाणिकच असतात असे मुळीच नाही. त्यांच्या सल्ल्याचे उत्तर मात्र प्रश्नाआधीच ठरलेले असते. महाभारतात युद्धारंभी वंदनास आलेल्या युधिष्ठिराला भीष्मांनी स्वतःच सांगून टाकले की आपण कौरवांच्या द्रव्याने बांधले गेलो आहोत, तेव्हा पांडवांच्या बाजूने लढण्यावाचून दुसरे काहीही मागावे. आपले हितसंबंध इतक्या स्वच्छपणे उघड करणारा सल्लागार आज मिळणे कठीण; आणि ते उघड झाल्यानंतर धर्मराजाने त्यांना विचारणे बंद केले नाही, उलट त्यांच्या पाडावाचा उपायही पुढे त्यांनाच विचारला, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. टक्केवारीवाल्याला जरूर विचारावे, पण त्याचे अन्न कोठून येते हे आधी माहीत असावे.

यावर आक्षेप असा येतो की ज्याला फळाची आशा नाही त्याला आस्था तरी कोठून असणार. त्यापेक्षा घरचा मामा बरा, तो निदान आपला तरी आहे. आक्षेपात तथ्य आहे. मात्र मामाने धंद्यात रक्कम गुंतवली असेल तर तो सल्लागार राहिला नाही, सावकार झाला. आणि गुंतवली नसेल तर त्याची गाठ विदुराशी घालून द्यावी. आस्था आणि अनासक्ती एकाच ठायी नांदू शकतात याचे विदुर हे उत्तम उदाहरण आहे. उद्योगपर्वात झोप न येणाऱ्या धृतराष्ट्राने त्याला रात्री बोलावून घेतले, रात्रभर नीती ऐकली, आणि अखेरीस कबूल केले की तुझे सारे मला पटते, परंतु दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पुन्हा फिरते. त्याला सल्ला नको होता, निद्रा हवी होती. मार्चअखेरीस लेखापालाच्या दफ्तरात कागदांची पिशवी घेऊन बसलेल्या पुष्कळ पक्षकारांची स्थिती याहून निराळी नसते, आणि त्यांच्याबाबत उत्तमातला उत्तम सल्लागारही विदुरापेक्षा अधिक काही करू शकणार नाही.

शिवाय धृतराष्ट्राने विदुराला बोलावले खरे, पण शकुनीलाही दरबारातून घालवले नाही. कोणाचे ऐकायचे ही निवड त्याच्याच हाती राहिली. १९४५ साली पॅरिसमधील एका व्याख्यानात सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने, आईपाशी राहावे की युद्धात जावे अशा पेचात सापडलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आणि दाखवून दिले की कोणाकडे सल्ला मागायला जायचे हे ठरवताना मनुष्याने आपले उत्तर बरेचसे निवडलेले असते. ईश्वर न मानणाऱ्या सार्त्राशी कौटिल्याचे गोत्र जुळणार नाही. तरी एकाच मंत्र्याला विचारले तर तो निरंकुश होतो, दोघांना विचारले तर ते एक होऊन राजाला दाबतात किंवा भांडून त्याचा नाश करतात, म्हणून तिघाचौघांशी मसलत करावी, हा जो हिशेब कौटिल्याने मांडला त्यामागे, निवडणाऱ्याचे मन स्वतःलाच फसवते, ही शंका असावी असे वाटते. वकील, लेखापाल आणि बाजारातला एक जाणता, अशी आपल्या हळदवाल्याच्या सल्लागारांची संख्याही तेवढीच भरते.

भारतीय सनदी लेखापालांच्या संस्थेने आपले बोधवचन कठोपनिषदातून घेतले आहे. सारे निजलेले असता जो जागा असतो, त्याचा तेथे निर्देश आहे. आर्थिक व्यवहारांवर पहारा ठेवणाऱ्या पेशाने ते उचलावे हे समर्पकच. मात्र उपनिषदातील तो जागणारा कोणी बाहेरून नेमलेला पहारेकरी नाही. तो निजलेल्याच्याच देहात वसलेला पुरुष आहे. कायद्याचा रोखही तिकडेच आहे. आयकराच्या विवरणपत्राखाली, ते तयार कोणीही केलेले असो, मजकूर खरा असल्याबद्दल धंद्याचा मालक किंवा भागीदारच प्रतिज्ञापूर्वक सही करतो, लेखापाल नव्हे. आणि त्या मजकुरात चूक निघाली तर कायदा जो भेद करतो तो एखाद्या मीमांसकाला शोभणारा आहे: आपण जाणत्या सल्लागारावर प्रामाणिकपणे विसंबलो होतो हे त्या मनुष्याने पटवून दिले तर दंड माफ होऊ शकतो, परंतु मूळ कर आणि त्यावरचे व्याज मात्र त्याला भरावेच लागते.