आईबाप लोकांना भितात तेव्हा

शास्त्रपाठ : योहान, अध्याय ९



२००६ सालच्या मार्च महिन्यात आमच्या भोपाळच्या 'दैनिक भास्कर' समूहाच्या 'दिव्य भास्कर' या गुजराती वर्तमानपत्रात राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांची मुलाखत छापून आली. आपण समलिंगी आहोत, असे त्यांनी तीत उघडपणे सांगितले. राजपिपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले. आईने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन मुलाशी संबंध तोडला.

यातील एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली. आईवडिलांना ही हकिकत २००२ सालीच कळली होती. चार वर्षे तो घरचाच राहिला. नोटीस निघाली ती लोकांना कळल्यावर. मुलगा होता तोच होता. आता लोक बोलू लागले होते, एवढाच फरक.

येथे आम्हाला योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाचे आईबाप आठवतात. समलिंगी असणे म्हणजे आंधळेपण, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. आपण पाहावे ते त्या आईबापांकडे. मुलाला दृष्टी आली, तो दिवस घरात आनंदाचा असायला हवा होता. पण परूशांनी चौकशी मांडली, आणि सभास्थानातून आपल्याला घालवतील या भीतीने त्यांनी अंग काढून घेतले : मुलगा प्रौढ आहे, त्यालाच विचारा! पुढे त्याला बाहेर घालवण्यात आले. प्रभू येशूच्या कानी ते आले, तेव्हा प्रभूने काय केले? त्याला शोधून काढले.

बंधुभगिनींनो, असे आईबाप आपल्याही मंडळीत आहेत. ते भितात कोणाला? आपल्यालाच.

२०१९ साली धावपटू द्युती चंद हिने आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे सांगितले, तेव्हा घरूनच विरोध झाला. अशी बातमी आली की उपासनेनंतर अंगणात चहा घेताना आपण हसतो, नाव ठेवतो, "आमच्या घरी असते तर दाखवले असते" म्हणतो. तो राजपुत्र किंवा ती धावपटू आपले बोलणे ऐकत नाही. ऐकते ते शेजारी उभे असलेले रविवारच्या शाळेतील सोळा वर्षांचे मूल. आपले मन कोणाजवळ उघडायचे नाही, हे ते त्या दिवशी ठरवून टाकते.

काही जण म्हणतात, लग्न करून द्या, सर्व ठीक होईल. मानवेंद्रसिंहांचे लग्न १९९१ साली आपल्याच मध्य प्रदेशातील झाबुआच्या राजकन्येशी झाले होते. ते लवकरच मोडले. त्या मुलीचा काय अपराध होता? आपली अब्रू झाकण्यासाठी दुसऱ्याची लेक पुढे करणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. शास्त्राच्या अर्थाविषयी मात्र मंडळ्यांत मतभेद आहेत. ते येथे मिटवण्याचा आव आम्ही आणत नाही. परंतु लेकराला घराबाहेर काढून प्रभूला संतोषवता येते, असे आम्हाला शुभवर्तमानात कोठे आढळले नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती : वर्गात कोणी या गोष्टीवरून कोणाला चिडवले तर त्याच क्षणी थांबवा. एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितले तर ते चारचौघांत नेऊ नका. आणि आईबापांनो, पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा बोलण्यापूर्वी मागे वळून पाहा, कोण ऐकत आहे ते.

हे प्रभू, घालवून दिलेल्याला तू शोधायला गेलास. आम्हाला लोकांच्या भीतीतून सोडव, आणि आमच्या लेकरांसाठी आमचे दार उघडे ठेव. आमेन.