हाताने शिकणारा मुलगा

दिवाळीची सुटी लागली की आमच्या आळीत किल्ला उभा राहतो. यंदा राजगड आहे. दगड, विटा, फाटके पोते आणि कालव्याकाठची माती एवढेच भांडवल. एकाला बुरूज छान साधतो; दुसऱ्याला मावळे कुठे उभे करायचे ते बरोबर कळते; एक मुलगी हातात काठी घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला गडाची हकिकत सांगते; आणि एक जण नुसता अळीव पेरून रोज सकाळी उगवले का ते पाहत बसतो. परवा शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, आमचा हा बुरूजवाला बघा. पुस्तकात डोके नाही, हात मात्र सोन्याचे. त्याला हातानेच शिकवायला पाहिजे."

बोलणे कौतुकाचे होते, पण माझ्या छातीत धस्स झाले. कारण हेच वाक्य मी एकदा एका मुलाविषयी बोललो होतो.

वीसएक वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका लहानशा खाजगी शाळेत मी मास्तर झालो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शिकवायचे कसे ते मुलांनीच मला शिकवले. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावर अपूर्णांक आला की तो खिडकीबाहेर पाही. पण बाप रात्री दारे धरायला गेला की हा बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर असे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर खोदलेला नीरा डावा कालवा बारामतीवरून आमच्या बाजूला येतो, आणि शेवटाच्या रानांना पाणी जपूनच घ्यावे लागते. तिथे शेजपाळीचा हिशेब पोरासोरांनाही पाठ. मी त्याला विचारले, "चारीला बारा तास पाणी आहे. एकाचे रान तीन एकर, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे एक. कुणी किती वेळ घ्यायचे?" त्याने मान वर न करताच सांगितले, "सहा, चार, दोन." मग एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश ही नावे त्या पाण्याला चिकटवायला कितीसा वेळ लागणार!

त्याच सुमारास एका शिबिरात मी नवा विचार ऐकला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडले होते की बुद्धी एक नाही, सात आहेत: भाषेची, गणिताची, आकार ओळखण्याची, संगीताची, शरीराची, दुसऱ्याला जाणण्याची आणि स्वतःला जाणण्याची. पुढे त्यांनी निसर्ग ओळखणारी आठवीही धरली. मी हरखून गेलो. तोवर आमच्या लेखी बुद्धी म्हणजे एक आकडा. फ्रान्समध्ये बिने यांनी १९०५ साली काढलेली कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली होती, आणि मूल हुशार की मठ्ठ हे त्या एका मापावर ठरे, निदान लोक तसे समजत. आता सात दारे उघडली! मी वहीत प्रत्येक नावापुढे लिहू लागलो: कानाचा, डोळ्याची, हाताचा. पाणीवाल्या मुलापुढे लिहिले, 'हाताचा'. त्याला न्याय दिला असे मला वाटले.

गेल्या पावसाळ्यात तो माझ्या दारात आला. आता तो तिशीतला, दोन लेकरांचा बाप. हातात सात नंबरचा पाणी अर्ज. म्हणाला, "गुरुजी, एवढा भरून द्या."

मी म्हटले, "अरे, हिशेबात तू माझ्यापेक्षा पुढे. तूच भर की."

तो हसला. "हिशेब येतो. वाचायला लागलं की अक्षरं हलत्यात." आणि मग जरा थांबून म्हणाला, "तुमी पाण्यातनं गणित शिकिवलं, ते मी इसरलो न्हाई. पन गोष्टीची पुस्तकं वाटायची येळ आली की तुमी मला झाडांना पाणी घालायला धाडायचा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागले. मी त्याला ढकलले नव्हते. त्याला जे आवडते तेच दिले होते. आवडत नाही त्यापासून सुटका केली होती. दया आणि आळस यांची माझ्या मनात केव्हा सोयरीक जमली ते मलाच कळले नाही.

मग दोष गार्डनरांचा म्हणावा काय? मुळीच नाही. त्यांनी स्वतःच पुढे बजावले की बुद्धीचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या पद्धती नव्हेत. आणि २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे संशोधन तपासून सांगितले की 'डोळ्याच्या' मुलाला चित्रांनी आणि 'कानाच्या' मुलाला ऐकवून शिकवल्याने त्यांचे शिकणे अधिक चांगले होते, याला पुरेसा पुरावा नाही. मला तर वाटते, पद्धत मुलाकडे पाहून जेवढी ठरते त्याहून अधिक ती शिकवायच्या वस्तूकडे पाहून ठरते.

बारामतीचेच उदाहरण घ्या. तिथे नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी आर्यांचा डोंगर रचला. त्यांची गीती नुसती वाचून कळत नाही, ती कानाने घ्यावी लागते. पण बारा मात्रांवर पहिला चरण संपतो आणि अठरांवर दुसरा, हे बोटांवर मोजल्याशिवाय उमगत नाही. आणि अर्थ? त्याला डोळे लावून बसलेच पाहिजे. त्यांचे एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठ मिटावे लागणारी अक्षरे त्यात नाहीत. मी वर्गात तो खेळ लावतो. प, फ, ब, भ, म वर्ज्य! आजीला हाक मारता येते, मामाला येत नाही. सगळा वर्ग ओठांना बोट लावून बसतो, आणि त्यात हाताचा कोण अन् कानाचा कोण हे मला आजवर ओळखता आलेले नाही.

हाताने शिकवणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तीत टकळी सगळ्यांच्या हाती होती. वकिलाच्या मुलानेही कातायचे आणि कातता कातता मोजायचे. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी दुसरी योजना काढली: मुलांनी थोडा वेळ शाळेत बसावे, उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा. लोक खवळले, आणि वर्षभरात योजना मागे घ्यावी लागली. हात दोन्हीकडे होते. पण दुसरीकडे कुंभाराचा मुलगा पुन्हा चाकापाशीच येत होता. माझी वही कोणत्या योजनेची होती? मी कुणाची जात विचारली नव्हती, हे खरे. तरी 'हाताचा' हा शेरा कोणाच्या मुलांपुढे अधिक पडला हे परवा ती जुनी वही काढून पाहिले, आणि पुन्हा ट्रंकेत ठेवून दिली. तालुक्याच्या साहेबांच्या मुलापुढे तो नव्हता. तो मुलगाही वाचताना अडखळे. त्याला मी दुपारी थांबवून घेत असे.

शेजाऱ्यांना मी एवढेच म्हणालो, की बुरूज झाला की मुलाला माझ्याकडे पाठवा, राजगडावरचे एखादे पुस्तक घेऊन. ते जरा नाराज झाले. दिवाळीत कसला अभ्यास, गुरुजी!

अर्ज मी भरून दिला नाही. तीन संध्याकाळी आम्ही तो मिळून वाचला. तो ओळीखाली बोट धरून चाले. नाव, गाव, गट नंबर इथवर ठीक. मग 'क्ष'वर बोट थांबले. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "क्षे...त्र. म्हंजी रान?"

"हो, रान."

"मग सरळ रान लिवायचं की!" असे म्हणून तो पुढच्या ओळीकडे वळला.