कूस बदलण्याचं शास्त्र

लष्करी वैद्यकात संशोधनाचे विषय कोणते असावेत, याची यादीच पुण्यातल्या एका व्याख्यानात एका नामवंत वक्त्यांनी वाचून दाखवली. कृत्रिम रक्त, जखमीला उचलून आणणारे ड्रोन, मूलपेशी, अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा. यादीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या एका वाक्याबद्दल. कुणीतरी खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्राचा विषय काढला, तेव्हा वक्ते म्हणाले, "ते सेवेचं काम आहे हो, संशोधनाचं नव्हे." सभागृहाने माना डोलावल्या. पुण्यातली सभागृहं सेवेचं नाव निघालं की विचार करायचा थांबतात.

खडकी ही मोठी चमत्कारिक छावणी आहे. इथला दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना धंदाशिक्षण देण्यासाठी 1917 साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे इथेच आली. 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतर, 1974 मध्ये, पार्क रोडवर पॅराप्लेजिक केंद्र उभं राहिलं. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचं, कुणाचं मानेखालचं अंग गेलेले जवान तिथे राहतात. सगळेच रणांगणावर जायबंदी झालेले नाहीत. कुणी प्रशिक्षणात पडलेले, कुणी रस्त्यावरच्या अपघातातले. अशा माणसांची काळजी घेण्यात शोधण्यासारखं काय आहे, असं वक्त्यांना वाटलं असणार.

त्यांना लुडविग गुटमान भेटायला हवे होते. गुटमानांचा मला जुना लळा आहे, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ होईल. हे जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे ज्यू मेंदूतज्ज्ञ. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले त्या रात्री त्यांनी इस्पितळात हुकूम दिला: दाराशी येईल त्याला काही न विचारता भरती करा. दुसऱ्या दिवशी गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, दारात. गुटमाननी प्रत्येक खाटेपाशी उभं राहून एकेकाचा आजार रचून सांगितला आणि 64 पैकी 60 जण वाचवले. 1939 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि 1944 च्या फेब्रुवारीत तिथल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळातला मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग त्यांच्याकडे आला. तोवर अशा रुग्णांचं भवितव्य ठरलेलं असे: पाठीला जखमा, त्या चिघळणं, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग आणि मरण. पहिल्या महायुद्धात यातले बहुतेक असेच गेले होते. डॉक्टरांच्या लेखी हे रुग्ण म्हणजे निव्वळ वाट पाहणं होतं.

गुटमाननी काय केलं? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्वचा रोज तपासायची. मूत्राशय स्वच्छ आणि रिकामं ठेवायचं. कर्मचारी कूस बदलतात की झोपा काढतात, हे बघायला स्वारी रात्री-बेरात्री स्वतः वॉर्डात हजर व्हायची. स्वभाव हुकूमशहाचा, तरी रुग्ण त्यांना 'पॉपा' म्हणत. यात एकही नवं यंत्र नव्हतं. पण माणसं जगू लागली. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, गुटमाननी 16 जायबंदी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते. त्याच परंपरेतल्या 1972 च्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 50 मीटर 37.33 सेकंदांत पोहले आणि भारताला पहिलं सुवर्ण मिळालं. 1965 च्या युद्धात गोळ्या खाल्लेला हा जवान. 2018 ला पद्मश्री, 2024 ला त्यांच्यावर सिनेमा. पदक आपल्याला दिसतं. पन्नासहून अधिक वर्षं त्या शरीराची कातडी आणि मूत्रपिंडं शाबूत कशी राहिली, हे आपण विचारत नाही. तिकीटबारीवर त्याला किंमत नाही.

आता वक्ते ज्याला सेवा म्हणाले, त्याकडे जवळून बघू. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जू दुखावलेला माणूस. त्याची लघवीची नळी चादरीखाली दुमडली. मूत्राशय तुंबलं, पण दुखत नाही, कारण तिथली जाणीवच नाही. मात्र रक्तदाब भराभरा चढतो, डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम फुटतो. वेळ गेली तर मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. हे कधी न पाहिलेला डॉक्टर रक्तदाबाची गोळी शोधतो. अशा वॉर्डात मुरलेला परिचारक आधी माणसाला बसता करतो आणि चादर उचलून नळी बघतो. हे ज्ञान नव्हे तर काय? ते कागदावर आलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

लष्कराला हे कागदावर आणणं जमत नाही असंही नाही. चीन युद्धानंतर हजारो जवान एकदम उंचावर चढवले गेले, आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 जवानांच्या नोंदींवरून पर्वतीय आजाराचा अभ्यास केला. 1969 मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापला. लेहला उतरलेल्या पर्यटकाला पहिले दोन दिवस गप पडून राहायला सांगतात, त्या शहाणपणात अशा नोंदींचा वाटा आहे. लष्कराची खरी ताकद ही आहे: माणूस त्याच्या वहीतून हरवत नाही.

मग खडकीची इतक्या वर्षांची वही उघडा, असं म्हणून मी इथेच थांबणार होतो. पण वक्त्यांच्या बाजूचे एक निवृत्त लष्करी डॉक्टर मला म्हणाले, "साहेबाने संमतीपत्र पुढे केलं, तर वॉर्डातला शिपाई नाही म्हणेल?" हा आक्षेप वक्त्यांच्या यादीपेक्षा शंभरपट वजनदार आहे. हुकूम पाळायला शिकवलेल्या आणि अन्नपाण्यासाठी त्याच संस्थेवर अवलंबून असलेल्या माणसाची संमती किती मोकळी? शिवाय माणसं थोडी, तरुणपणी निवडलेली, धडधाकट. त्यांच्यावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही. तेव्हा माझं म्हणणं आता एवढंच नाही की खडकीवर संशोधन व्हावं. प्रश्न तिथल्या रहिवाशांनी ठरवावेत, संमती त्यांच्या हुद्द्याच्या साखळीबाहेरच्या माणसाने घ्यावी, आणि नाही म्हणणाऱ्याच्या उशीलाही धक्का लागू नये. हे जमत नसेल तर वही मिटलेलीच बरी.

वहीत नाव नसलं की काय होतं, तेही आपण पाहिलं. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेले कॅडेट नियमाने माजी सैनिक ठरत नाहीत, म्हणून त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर त्याच महिन्यात सरकारने ती योजना त्यांना लागू केली. इतकी वर्षं योजनेच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून तिची सेवाही नव्हती. सेवा आणि संशोधन वेगळं काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: जो मोजला जात नाही, त्याला औषधही मिळत नाही.

आणि हे फक्त जवानांपुरतं नाही. कोकणात माडावरून पडणारा, पुण्यात परांचीवरून कोसळणारा गवंडी, दुचाकीवरून उडालेला पोरगा यांचा कणाही तसाच मोडतो. त्यांना ना पार्क रोड आहे, ना दोन तासांनी कूस बदलणारं कुणी. वानवडीच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातला कुणी विद्यार्थी प्रबंधाला विषय शोधत असेल, तर त्याने ड्रोन दुसऱ्यांना सोडावेत. खडकीला जावं, तिथल्या माणसांना विचारावं की तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे, आणि जे सापडेल ते सोप्या मराठीत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचवावं.