एका अक्रोडाची दोन नावे

ग्रीसच्या दक्षिणेस, पेलोपनीझमधल्या पार्नोन डोंगरात कार्येस नावाचे गाव आहे. विसाव्या शतकात सरकारदरबारी हे नाव लागण्याआधी ते अराहोवा म्हणून ओळखले जाई. अराहोवा हे नाव स्लाव्ह भाषेतले. तिच्यात अक्रोडाला ‘ओरेह’ म्हणतात. ग्रीक भाषेत अक्रोडाचे झाड म्हणजे ‘कार्या’, त्यावरून कार्येस. अर्थ जागच्या जागी राहिला आणि भाषा तेवढी बदलली. एवढ्या निरुपद्रवी बदलासाठी राज्यसंस्थेने का झटावे?

याचे मूळ 1830 सालच्या एका पुस्तकात आहे. ग्रीस नुकता स्वतंत्र होत असताना फाल्मरायर या जर्मन भाषिक इतिहासकाराने लिहिले की प्राचीन ग्रीकांचा वंश मध्ययुगात संपला असून आजचे ग्रीक मुख्यतः स्लाव्हांचे वंशज आहेत. गावांची नावे हा त्याचा एक आवडता पुरावा. ग्रीक इतिहासकार पापारिगोपुलोसने 1843 मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले, पण घाव भरला नाही. 1909 साली स्थलनामांसाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते निकोलाओस पोलितिस, ग्रीक लोकसाहित्याभ्यासाचे जनक. लोकांच्या तोंडच्या म्हणी आयुष्यभर वेचणाऱ्या माणसाकडे लोकांच्याच तोंडची नावे पुसण्याच्या कामाचे नेतृत्व यावे, याला काय म्हणावे! माझ्या मते फाल्मरायर आणि त्याचे विरोधक एकाच गृहीतकावर उभे होते: गावाचे नाव म्हणजे गावकऱ्यांच्या रक्ताचा दाखला. हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि ते खोडून काढायला अराहोवा हा शब्द पुरेसा आहे.

‘ओरेह’पासून आलेल्या नावाच्या सुरुवातीला ‘अ’ कसा? भाषाशास्त्रज्ञांच्या मते स्लाव्ह भाषेतला हा ‘ओ’ साधारण नवव्या शतकाच्या आधी ‘अ’सारखा उच्चारला जाई. म्हणजे तो बदल होण्यापूर्वीच ग्रीक बोलणाऱ्यांनी हे नाव ऐकले आणि जुन्या उच्चारासकट जपले. दूरच्या बोलींत तो बदल उशिरा पोहोचला असेल, असा आक्षेप घेता येतो. तो मान्य केला तरी काळ फार तर एखाद-दोन शतके पुढे सरकतो. हे नाव स्लाव्ह इथे आले होते हे सांगतेच; तसेच ते आले तेव्हा शेजारी ग्रीक होते, हेही सांगते. वस्ती कोणाची किती होती, कोण कोणात मिसळले, हे मात्र ते सांगत नाही. तायगेटोस डोंगरातल्या एझेरिते आणि मिलिंगी या स्लाव्ह टोळ्यांची नोंद दहाव्या शतकातल्या बायझंटाइन ग्रंथात आहे. त्यांचे वंशजही पुढे ग्रीकच बोलू लागले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की कार्येस हे नवे नाव नव्हेच, ते परत आणलेले जुने नाव आहे. पार्नोनच्याच परिसरात प्राचीन कार्याय होते. तिथे आर्टेमिस देवीच्या उघड्यावरच्या मूर्तीपुढे स्पार्टाच्या मुली दरवर्षी नाचत, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियास सांगतो. इमारतींचा भार डोक्यावर पेलणाऱ्या ‘कारिआटिड’ स्त्रीमूर्तींचे नाव रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याच गावाशी जोडतो. असा वारसा कोणाला नको असेल? पण प्राचीन कार्यायची नेमकी जागा कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. घटकाभर धरून चालू की ती हीच. मग स्लाव्हांनी ग्रीक नावाचा अर्थ विचारून त्याचे भाषांतर केले, ही शक्यता उरते. तसे असेल तर प्राचीन गाव आणि आजचे गाव यांना जोडणारा सर्वांत बोलका साक्षीदार अराहोवा हाच शब्द होता, आणि सातत्य सिद्ध करू पाहणाऱ्यांनी नेमका तोच पाटीवरून उतरवला. भाषांतर झाले नसेल, तर दोन वेगळ्या काळांतल्या माणसांनी तीच झाडे पाहून नाव ठेवले, आणि त्यात वंशाचा प्रश्नच येत नाही.

गावाने हवे ते नाव घ्यावे, तो त्याचा हक्क आहे. पण डेल्फीजवळ पार्नासस डोंगरावर दुसरे एक अराहोवा आहे. 1826 साली ग्रीक स्वातंत्र्यसेनानी कराइस्काकिसने तिथे ऑटोमन फौजेचा पराभव केला, आणि कदाचित त्या लढाईच्या मानामुळेच असेल, त्या गावाचे नाव आजही तेच आहे. तिथल्या लोकांचे ग्रीकपण गावाच्या पाटीवरून तपासायला कोणी जात नाही.