पक्ष, साध्य, सिद्धता

शाळेच्या भूमितीत आपण आधी पक्ष लिहीत असू, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष घाईने उरकण्याची सवय बहुतेकांना असे. संगणकशास्त्र शिकणाऱ्यास ती महाग पडते.

क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहायचे आणि नको ती निम्मी यादी सोडून द्यायची, ही शोधाची एक जुनी रीत. जॉन बेंटली यांनी आपल्या १९८६ च्या ग्रंथात तिची आज्ञावली सिद्धतेसह दिली. त्यांचे व्याख्यान ऐकलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी ती पुढे जावा या संगणकभाषेत उतरवली. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच जाहीर केले, की दोन्हींत एकच दोष होता. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज केली जाई. ती २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली, की ३२ बिटांत मावत नसे आणि उत्तर ऋण येई.

मग सिद्धता खोटी होती काय? मला तसे वाटत नाही. कागदावरच्या संख्येला अंत नसतो. यंत्रातल्या संख्येला असतो, आणि पक्षात तेवढेच लिहायचे राहून गेले. तर्कशास्त्र येथे बुद्धीइतकीच सचोटीची परीक्षा घेते: आपण काय धरून चाललो, हे उघड सांगण्याची. ब्लॉक यांनी आपली चूक आपल्याच नावाने मांडली. दुरुस्ती एका ओळीची होती. खालच्या क्रमांकात दोन टोकांतील अंतराचा निम्मा भाग मिळवायचा.