रहाट काढल्यानंतर

वीज गेली की आपण पन्नास वर्षं मागे गेलो, असं म्हणायची पद्धत आहे. ३ जून २०२० नंतर उत्तर कोकणात हे वाक्य घरोघरी ऐकू येत होतं. मला ते पटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी दिवेआगरच्या किंवा हर्णैच्या कितीतरी घरांत वीज नव्हती, पण विहिरीवर रहाट होता, ओटीवर कंदील होता, पडवीत जातं होतं आणि या सगळ्यांवर हात बसलेली माणसं होती. २०२० मध्ये वीज गेली तेव्हा यांतलं काहीच जागेवर नव्हतं. ज्या मागच्या काळात आपण गेलो म्हणतो, तो आपण आधीच मोडून जळणाला लावला होता.

त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. माड-पोफळी तारांवर कोसळल्या, तारांनी खांब ओढले आणि हजारो खांब आडवे झाले. दिवस टाळेबंदीचे, माणसं मिळायची मारामार. दुसऱ्या जिल्ह्यांतून वायरमन आले. भर पावसात, चिखलात त्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून खांब उभे केले. या लोकांचे उपकार मानावेत तितके थोडे. तरीही श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या काही वाड्यांवर दिवा लागायला महिना उलटला.

अंधाराचं कोकणी माणसाला फारसं काही वाटत नाही. अडलं ते पाण्यावाचून. विहिरीत पाणी होतं, ते वर कसं आणायचं हा प्रश्न होता. विहिरींवर जाळ्या बसलेल्या, कप्प्या काढून टाकलेल्या, दोर-पोहरा कुणाकडेच नाही. बोअरवेलचं तर बोलायलाच नको. पंप बंद तर ते जमिनीतलं नुसतं भोक. डिझेलचा जनरेटर टेम्पोत घालून घरोघर टाक्या भरून देणारे आले, त्यांचे पैसे मोजावे लागले.

रहाट ज्यांनी चालताना पाहिलाय त्यांना आठवेल. काथ्याच्या माळेला बांधलेली मातीची गाडगी एकामागून एक विहिरीत उतरायची, भरून वर यायची आणि पन्हळीत ओतून पुन्हा खाली जायची. कुठे बैल जुंपलेला, कुठे माणूस पायाने चाक फिरवणारा. पन्हळीतून पाटात, पाटातून पोफळीच्या आळ्यात पाणी जायचं. गाडगं फुटलं तर दुसरं बांधायचं, माळ कुजली तर नवी वळायची. दुरुस्ती गावातच, फार तर शेजारच्या गावात.

म्हणून रहाटाचे दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पहाटे उठून जात्यावर पायली-पायली दळणाऱ्या, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायकांचं आयुष्य विजेने हलकं केलं. ते ओझं पुन्हा कुणाच्या माथी मारायचा कुणालाही अधिकार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. नवीन साधन आलं म्हणून जुनं उखडून टाकलंच पाहिजे, असं काही नव्हतं. पंप बसवताना कप्पी राहू देता आली असती.

फोनचंच बघा. तांब्याच्या तारेवरचा जुना टेलिफोन घरात वीज नसतानाही चालायचा, कारण त्याला लागणारा ४८ व्होल्टचा प्रवाह एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांकडून तारेतूनच यायचा. आज मोबाइल चार्ज असला तरी टॉवरला वीज लागते, आणि टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात. मग जनरेटरला डिझेल पोचवायचं तर रस्त्यावर झाडं पडलेली. रेशनच्या दुकानात धान्याची पोती असतात, पण अंगठा लावायचं यंत्र चालायला चार्जिंग लागतं आणि रेंजही. जवळ रोख नसेल तर एटीएम बंद. रॉकेल रेशनवरून हळूहळू उतरत गेलं होतं. वादळानंतर ते पुन्हा वाटायची वेळ आली, तेव्हा आधी घरात कंदील शोधायचा होता.

छपरावर सौर पॅनेल आहेत म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. बॅटरी नसलेली, ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते, आणि ते योग्यच आहे. पण भर उन्हात पॅनेल तापतायत आणि घरात पंखा बंद, असं दृश्य त्यामुळे दिसतं. संकटात उपयोग हवा असेल तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. विकणारे हे आपणहून सांगतीलच असं नाही.

शहरांनी कोकणाकडे दयेने पाहू नये. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुख्य ग्रिड कोसळलं तरी मुंबई वेगळी काढून चालू ठेवण्याची व्यवस्था कित्येक वर्षांपासून होती. ती त्या दिवशी कामी आली नाही. पर्यायी व्यवस्था नुसती असून भागत नाही, ती अधूनमधून चालवून बघावी लागते.

‘निसर्ग’ला वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. पुढचं कधी येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. वाचकहो, आपल्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत हे विषय मांडा: एका तरी सार्वजनिक विहिरीवर कप्पी आणि दोर कायम असावा. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या छपरावर बॅटरीसह सौर संच असावा, म्हणजे फोन चार्ज होतील आणि कुणाचं इन्सुलिन थंड राहील. यंत्र बंद असेल तेव्हा वहीत नोंद करून धान्य द्यायची मुभा रेशन दुकानदाराला आधीच लेखी मिळालेली असावी. आणि वर्षातून एक दिवस मेन स्विच मुद्दाम बंद करून हे सगळं चालतंय का ते बघावं. पावसाळ्याआधी होण्यासारखी ही कामं आहेत.